एकतीस नंबरची बाटली

दूधपेढीत काम करणाऱ्या त्या बाईला सगळं इस्पितळ लेबलबाई म्हणायचं. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीपुरतं उरलं होतं. लेबल नसलेल्या कुठल्याही वस्तूला ती आपल्या दोन खोल्यांत थारा देत नसे. एकदा बाळांच्या डॉक्टरांनी आपला चहाचा थर्मास तिच्या टेबलावर ठेवला, तर तिने तो उचलून सरळ जिन्याखाली नेऊन ठेवला. डॉक्टर तासभर शोधत फिरले. "त्यावर नाव नव्हतं," एवढंच ती म्हणाली. जीभ अशी तिखट. पण तिच्या हातची बाटली डोळे मिटून घ्यावी, याबद्दल मात्र कुणाचं दुमत नव्हतं.

दूधपेढी म्हणजे काय, हे नव्या माणसाला सांगायचा तिला कधी कंटाळा येत नसे. आपल्या बाळाचं पोट भरूनही ज्या आयांना दूध उरतं, त्या ते घरीच काढून बाटलीत भरतात. संस्थेची गाडी सकाळी घरोघर फिरते, दाराच्या कडीला अडकवलेली पिशवी काढते आणि बाटली बर्फाच्या पेटीत ठेवते. इथे ते दूध तपासायचं, गरम पाण्याच्या यंत्रात अर्धा तास ठेवून निर्जंतुक करायचं, गोठवायचं. मग वरच्या मजल्यावर काचेच्या पेट्यांत निजलेल्या, दिवस भरण्याआधीच जगात आलेल्या मूठभर बाळांना थेंबाथेंबाने द्यायचं. ते यंत्र कुठल्याशा लांबच्या देशातल्या लोकांनी वर्गणी काढून पाठवलं होतं. त्यांनी हे शहर नकाशावरही पाहिलं नसेल. सहा वर्षांत चारशेवर बाळं या दुधावर तगून घरी गेली होती. कुणाचं दूध कुणाच्या पोटात गेलं ते देणारीलाही सांगायचं नाही आणि घेणाऱ्यालाही नाही, असा नियम होता. देणाऱ्यांची कार्डं एका कपाटात, घेणाऱ्यांची दुसऱ्या, आणि दोन्ही किल्ल्या लेबलबाईच्या गळ्यात.

त्या वर्षी तापाची साथ आली आणि सगळी घडी विस्कटली. घरात ताप असला की त्या घरचं दूध घ्यायचं नाही. बघता बघता चाळीस घरांची नऊ घरं झाली. त्यातच लेबलबाईच्या धाकट्या बहिणीला सातव्या महिन्यात ताप चढला आणि मुलगी झाली. वजन नऊशे ग्रॅम. धाकटी खाली तापाच्या वॉर्डात, अर्धवट शुद्धीत, अंगावर दुधाचा टिपूस नाही. मुलगी वर काचेच्या पेटीत. आणि मधल्या जिन्यात मेहुणा, दोन्हीकडच्या निरोपांना घाबरून बसलेला.

"हिला पावडरचं दूध चालणार नाही," डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "आतडं अजून कच्चं आहे. पावडर गेली तर ते सडायला लागेल, मग माझ्या हातात काही नाही. आईचं दूध हवं. कुणाच्याही आईचं. दर दोन तासांनी दोन मिली."

"देऊ की," लेबलबाई म्हणाली. फ्रीझरमध्ये आठवडाभराचं होतं.

मंगळवारी सकाळी गाडीवाल्या काकांनी बर्फाची पेटी टेबलावर आणून ठेवली. लेबलबाईने नऊ घरांच्या नऊ बाटल्या काढल्या, ओळीने मांडल्या, आणि आत कापडाने पुसायला हात घातला तर हाताला दहावी लागली. तिने हात झटकन मागे घेतला. बर्फाच्या पिशव्यांच्या मधोमध ठेवलेली ती बाटली कोमट होती. आत्ता, या क्षणी अंगावरून काढल्यासारखी कोमट.

बाटलीच्या गळ्याला कापडाची फीत बांधलेली होती, आणि फितीवर लाल दोऱ्याने नंबर आणि तारीख शिवलेली. नंबर एकतीस. तारीख आजची.

एकतीस नंबर म्हणजे शिंपीण. कागदी लेबल बर्फात भिजतं, शाई फुटते, आकडा वाचता येत नाही, म्हणून लेबलबाईने तिला दोनदा चांगलंच झापलं होतं. तिसऱ्या दिवसापासून ती बाई कापडाच्या फितीवर दोऱ्याने आकडे शिवून पाठवायला लागली. "आता भिजवा म्हणावं खुशाल," असा काकांबरोबर निरोपही आला होता. पेढीत दोन दिवस हसू पुरलं. अशा फिती दुसरं कुणी करत नव्हतं. आणि शिंपिणीला जाऊन आज एकोणीस दिवस झाले होते. ताप आला, डोक्यात गेला, चौथ्या दिवशी खेळ आटोपला. तिच्या कार्डावर तांबड्या शाईने 'बंद' हा शब्द लेबलबाईनेच लिहिला होता.

"काका, ही कुठून उचललीत?"

"कुठली?"

"ही. एकतीसची."

काकांनी फीत पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. "बाई, सकाळी सकाळी असली थट्टा बरी नव्हे. त्या गल्लीत मी आता गाडीच घालत नाही. नऊ घरं, नऊ पिशव्या. नवापर्यंत मोजता येतं मला."

शंका आली की ओतून टाकायचं, हा पेढीचा पहिला नियम. लेबलबाईने बाटली बेसिनमध्ये ओतली. दूध दाट होतं, किंचित पिवळसर, बाळसं धरायला लावणारं. ते नळाच्या पाण्यात मिसळून दिसेनासं होईपर्यंत ती बघत राहिली आणि मग तिने कोपरापर्यंत हात धुतले. खोलीत शिलाई मशीनच्या तेलाचा वास येत होता. खिडक्या उघडल्या तरी दुपारपर्यंत तो गेला नाही.

बुधवारी पुन्हा दहावी बाटली. तशीच कोमट, फितीवर बुधवारची तारीख. तिने तीही ओतली आणि काकांना असं काही फैलावर घेतलं की तो भला माणूस रडकुंडीला आला.

"उद्या तुम्हीच चला गाडीत," तो म्हणाला. "तुमच्या डोळ्यांनी बघा. माझ्या माथी नको."

गुरुवारी ती गेली. प्रत्येक दारापाशी स्वतः उतरली, स्वतः पिशवी काढली, स्वतः बाटली पेटीत ठेवली. नवव्या घरी झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि पेटी मांडीवर घेऊन बसली. परतताना गाडी शिंपिणीच्या गल्लीच्या तोंडावरून गेली. त्या वळणावर पेटीच्या तळातून तिच्या मांडीला ऊब लागली. कुणी अंगाशी मूल दिलं की लागते, तशी. तिने पेटी घट्ट धरली. काकांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला.

पेढीत येऊन तिने चिकटपट्टी तपासली. कुठे उचकटलेली नव्हती. झाकण काढलं. एक, दोन, तीन करत ती नऊपर्यंत आली आणि थांबली. काकांनी वाकून आत पाहिलं. दहावी बाटली दिसताच ते तडक बाहेर पळाले, ते एक चप्पल तिथेच टाकून. ती चप्पल न्यायला ते दुसऱ्या दिवशी दुपारी, चांगल्या लख्ख उन्हात आले.

तिसरी बाटलीही लेबलबाईने ओतली. खरं सांगायचं तर ती घाबरली होती. एवढी वर्षं जे दिसतं, मोजता येतं आणि ज्यावर लेबल लावता येतं, तेवढ्यावरच तिचा विश्वास होता. आणि ही बाटली दिसत होती, मोजता येत होती, वर लेबलासकट येत होती. तिने जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं.

"बाई, तुमची झोप झालेली नाही," डॉक्टर म्हणाले. "कुणीतरी चेष्टा करतंय. शिवता येणारी बाई काय एकच होती शहरात?"

"पेटी माझ्या मांडीवर होती डॉक्टर. पट्टी मी लावली, मी काढली."

डॉक्टरांनी आपल्या कामाचा प्रश्न विचारला. "फ्रीझरमध्ये किती आहे?"

"शनिवारी दुपारी दोनपर्यंतचं."

"मग ओतू नका. तपासा."

शुक्रवारी नऊ घरांतली दोनच उरली होती, आणि दुपारी तिथेही ताप निघाल्याने त्यांचं दूध ओतावं लागलं; पण एकतीस नंबर आलाच. लेबलबाईने बाटलीतलं थोडं दूध तपासणीला काढलं, बाकीचं यंत्रात घातलं आणि निर्जंतुक करून फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. शनिवारी सकाळी फ्रीझर उघडला तर त्या बाटलीभोवतीचं हिव वितळून गोल पडला होता. आजूबाजूला सगळं दगड झालेलं, आणि बाटलीतलं दूध हलवलं की हलत होतं. तिने हात लावला. कोमट.

त्याच सकाळी काकांनी पेटी दारातूनच पायाने आत सरकवली. "आज एकही घर नाही," ते बाहेरूनच ओरडले. "पेटी रिकामी आहे, बाई. मी सांगून ठेवतो, रिकामी आहे!"

पेटीत एक बाटली होती. शनिवारची.

बाराला तपासणीचा निकाल आला. शुक्रवारच्या दुधात कसला जंतू नव्हता, तापाचा अंशही नव्हता. इतकं निर्मळ दूध पेढीने क्वचितच पाहिलं असेल. वॉर्डातली अंगाने भरलेली बाळं एव्हाना पावडरवर गेली होती आणि ती सोसतही होती. उरली ती एकटी नऊशे ग्रॅमची पोर.

"दोनचा घोट आहे," डॉक्टर म्हणाले. "चारला काय द्यायचं ते तुम्ही सांगा. तुम्ही हो म्हणालात तर ही बाटली. नाही म्हणालात तर पावडर, आणि मग जे होईल ते."

मेहुणा दारात येऊन उभा राहिला होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. "ताई, मी ऐकलंय त्या बाटलीचं," तो म्हणाला. "भुताची असो नाहीतर देवाची, पोरीला द्या. मी कुणाला विचारायला येणार नाही."

लेबलबाईला हो म्हणायचं होतं. पोटातून म्हणायचं होतं. पण कागद बघितल्याशिवाय हो म्हणणं तिच्या रक्तात नव्हतं. आपल्याला आधार मिळावा, निदान त्या बाईची सही तरी डोळ्यांखालून जावी, म्हणून तिने कपाट उघडून बंद कार्डांच्या गठ्ठ्यातून एकतीस नंबर काढला. सहीच्या वरचं वाक्य तिने आजवर दोनशे बायकांना वाचून दाखवलं होतं: माझ्या बाळाचं पोट भरल्यावर जे दूध उरेल ते मी राजीखुशीने देत आहे. खाली एक तक्ता. देणाऱ्या आईचं स्वतःचं बाळ अर्धपोटी राहू नये म्हणून त्याचं वजन दर आठवड्याला तिथे लिहायचं, हा नियमही तिचाच. सहा किलो, सहा शंभर, सहा अडीचशे. मग तांबड्या शाईतलं 'बंद', आणि त्याखाली नुसते रकाने.

ती त्या रिकाम्या रकान्यांकडे बघत राहिली. आई गेली म्हणून तिने कार्ड बंद केलं होतं. कार्डाबरोबर बाळही बंद झालं होतं. गेल्या तेवीस दिवसांत त्या पोराच्या पोटात काय जातंय, हे पेढीतल्या एकाही माणसाने विचारलं नव्हतं. विचारायचं कुणी? देणाऱ्यांच्या कपाटात ते नव्हतं आणि घेणाऱ्यांच्या कपाटात तर ते कधीच नव्हतं.

"मी जाऊन येते," ती म्हणाली.

"आत्ता?" डॉक्टर म्हणाले. "ते बाळ आपल्या यादीत नाही, बाई."

"तेच तर," ती म्हणाली, आणि शनिवारची बाटली पिशवीत घालून बाहेर पडली.

काकांना गाडीत बसवायला तिला दोन वाक्यं लागली. पहिलं समजावणीचं होतं, ते वाया गेलं. दुसऱ्याने काम झालं.

गल्लीत एका बाजूने दुपारचं ऊन होतं. शिंपिणीच्या घराचं दार उघडंच होतं. कडीवर पिशवी टांगून टांगून लाकडाला खाच पडली होती. आत खिडकीशी शिलाई मशीन, त्यात लाल दोरा ओवलेला, आणि पायापाशी कापडाच्या अरुंद कपट्यांचा लहानसा ढीग. मशीनला लागून पाळणा, आणि पाळण्याजवळ शिंपिणीची सासू.

"या," म्हातारी म्हणाली. "संस्थेच्या ना तुम्ही? आज दुसऱ्यांदा कशा? पिशवी तर सकाळीच गेली."

"कुठली पिशवी, आजी?"

"रोजचीच. उजाडता उजाडता मशीन चालतं थोडं. मग ती पिशवी कडीला लावते. मी दार उघडते तेव्हा लावलेली असते, तोंड धुऊन येते तोवर गेलेली असते. गाडी हल्ली आवाज करत नाही तुमची."

दारात उभे असलेले काका दोन पावलं मागे, उन्हात जाऊन उभे राहिले.

"तुम्हाला भीती नाही वाटत, आजी?"

"सुनेची कसली भीती? सात वर्षांत एकदाच उलटून बोलली, तेसुद्धा पडद्याच्या कापडावरून. आणि चूक माझीच होती."

लेबलबाई पाळण्यावर वाकली. पाच महिन्यांचं पोर. डोळे तेवढे मोठे, दंडाची कातडी सैल पडलेली, ओठ सुकलेले. ते तिच्याकडे बघत होतं पण रडत नव्हतं.

"रडायचं सोडलंय त्याने," म्हातारी म्हणाली. "चार दिवस झाले. गुणी झालाय."

गुणी बाळ आणि रडायचं त्राण संपलेलं बाळ यांतला फरक लेबलबाईला चांगला ठाऊक होता. "काय देता त्याला?"

"साखरेचं पाणी. शेजारून थोडं दूध येतं, तेही पोटात ठरत नाही. मुलगा माझा जहाजावर. त्याला खबर लागायलाच पंधरा दिवस गेले, आता येतोय म्हणे."

"आणि ती कडीची बाटली?" लेबलबाईचा आवाज चिरका झाला. "रोज डोळ्यांसमोर दुधाने भरलेली बाटली टांगलेली असते, आजी, आणि तुम्ही ती याला पाजली नाही?"

म्हातारीने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने चोरी करायला सांगितलं. "ती संस्थेची ना? तिने सही करून दिलीय. दिलेलं परत कसं घ्यायचं? माणूस गेलं म्हणून त्याचा शब्दही गेला का?"

लेबलबाई मशीनच्या स्टुलावर बसली आणि लगेच उठली, कारण स्टूल गरम होतं. तिला रडू फुटलं. तीन बाटल्या. या पोराच्या आईने मेल्यावरही भरून पाठवलेल्या तीन बाटल्या तिने स्वतःच्या हाताने गटारात सोडल्या होत्या, आणि वर हात धुतले होते.

मग तिने डोळे पुसले, पिशवीतून उकळलेलं बोंडलं काढलं आणि शनिवारची बाटली उघडली. या दुधाला तपासणी नको होती. ज्याचं होतं त्याच्याच पोटात ते जात होतं. पहिले दोन थेंब ओठांवरून ओघळले. तिसरा त्याने चाटला. मग त्याने बोंडल्याच्या चोचीला असं काही धरलं की सोडेना. लेबलबाई हळूहळू पाजत होती, मध्ये थांबवत होती, पाठीवर हात फिरवत होती. बाटली संपली तरी पोर तोंड उघडून वाट बघत राहिलं.

"अजून आहे का हो?" म्हातारीने विचारलं.

होती. एक होती, फ्रीझरमध्ये, चार वाजता पोरीला द्यायची. तिच्यात पोरीचे सहा दिवस निघाले असते. या पोराने ती एका बैठकीत संपवली असती. एव्हाना दारात शेजारच्या बायका जमल्या होत्या. त्यांतली एक कडेवर मूल घेतलेली बाई पुढे झाली.

"माझं चालेल का तुमच्या पेढीला? हे काका तीन दिवस सगळीकडे सांगत सुटलेत, मेलेली बाई दूध देते म्हणून. आम्हाला घास गोड लागेना. या गल्लीत ताप सगळ्यांच्या आधी आला आणि आधीच गेला. आम्ही तिघीजणी आहोत."

"चालेल," लेबलबाई म्हणाली. "आज रक्त तपासायला द्या, उद्या चार वाजता निकाल येईल."

उद्या चार. आणि आज चार. मधला एकच दिवस कोरडा होता. एक दिवस म्हणजे बारा घोट, चोवीस मिली. तेवढे मिळाले तर पोर तरत होती. म्हातारी अजून उत्तराची वाट बघत होती. 'नाही' म्हणायला काहीच लागत नव्हतं. तो शब्द लेबलबाईच्या जिभेवर आला होता, हे नंतर तिने कुणापाशी कबूल केलं नाही, पण आला होता.

"आहे," ती म्हणाली. "इस्पितळात आहे. याला घ्या आणि गाडीत बसा."

पेढीत पोचायला पावणेचार झाले. डॉक्टर सिरिंज घेऊन उभेच होते, मेहुणा त्यांच्या मागे. लेबलबाईने शुक्रवारची बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी म्हातारीच्या मांडीवरचं पोर पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं.

"याला मी आत्ता भरती करून घेतो," ते म्हणाले. "याला पावडर चालेल, हळूहळू सोसेल. आधी त्यातलं चोवीस मिली बाजूला काढा. लहान आधी, हा तुमचाच नियम."

बोलणं बरोबर होतं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. लेबलबाईने सिरिंज हातात घेतली आणि दुसऱ्या हाताने बाटली उचलली. बाटली तापायला लागली. तापाने फणफणलेल्या कपाळावर हात ठेवल्यासारखी ती तिच्या तळव्यात तापत गेली, आणि खोलीत मशीनच्या तेलाचा वास आला. डॉक्टरांनाही आला. ते दाराकडे वळून बघायला लागले. दारात कुणी नव्हतं.

लेबलबाईने सिरिंज खाली ठेवली.

"आधी त्याचं पोट," ती म्हणाली. "उरेल ते आपलं. तसंच लिहून घेतलंय आपण तिच्याकडून."

"आणि नाही उरलं तर?"

"तर नाही उरलं."

"ताई!" मेहुणा म्हणाला. एवढंच म्हणाला. तिला त्याच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. धाकटी शुद्धीवर आली तर तिला कुठल्या तोंडाने सांगायचं, तेही तिला सुचत नव्हतं. हात थांबत नव्हते तेवढं खरं.

तिने बोंडलं भरलं. पोराने संपवलं. पुन्हा भरलं. बाटलीवरच्या खुणा एकेक करून उघड्या पडत होत्या. शंभर. ऐंशी. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. साठ. पोर मध्येच थांबलं, मोठा श्वास घेतला, आणि ते पुन्हा प्यायला लागलं. मेहुणा भिंतीला टेकून खाली बसला. चाळीस. बोंडल्यात शेवटचा घोट होता, तो पोराने तोंडात घेतला, गिळला, आणि मान वळवली. चोच पुन्हा ओठाला लावली तर त्याने ती जिभेने बाहेर ढकलली. पोट टम्म झालेलं. डोळे मिटले, मूठ सुटली.

"पोट भरलं त्याचं," म्हातारी म्हणाली. "आता उरलेलं तुमचं. ठरल्याप्रमाणे."

ती हे म्हणाली आणि लेबलबाईच्या हातातली बाटली थंड पडली. हळूहळू नाही, एकदम. रात्रभर फ्रीझरमध्ये राहूनही न गोठलेल्या काचेवर तिच्या बोटांभोवती हिव धरलं. तिने ती उजेडात धरून पाहिली आणि मग खात्रीसाठी सिरिंजने मोजली. चोवीस मिली. कापड बेतावं तसं बेतलेलं, ना थेंब जास्त ना थेंब कमी.

ती धावत जिना चढली. मागून मेहुणा, त्याच्या मागून डॉक्टर. काचेच्या पेटीच्या गोल खिडकीतून तिने हात आत घातला, नळीला सिरिंज जोडली आणि दोन मिली दूध अगदी सावकाश सोडलं. पोरीच्या इवल्याशा छातीचा भाता वरखाली होत होता. तिने तोंडाचा चंबू केला, जांभई दिली आणि तशीच झोपून राहिली. डॉक्टर तिच्या पोटावर बोट ठेवून पाच मिनिटं उभे राहिले, आणि मग त्यांनी नुसती मान हलवली. मेहुण्याने तोंड दोन्ही हातांत लपवलं.

तेवढ्यात खालून रडणं ऐकू आलं. मोठ्यांदा, छाती फोडून, सगळा जिना दणाणून सोडणारं. चार दिवस गप्प असलेलं पोर रडत होतं. भरल्या पोटी रडत होतं. लेबलबाई तशीच खाली पळाली.

म्हातारी पेढीच्या दाराकडे तोंड करून उभी होती. पोर तिच्या कडेवरून बाहेर झेपावत होतं, दोन्ही हात रिकाम्या व्हरांड्याकडे पसरून.

"घ्या हो याला जरा," म्हातारी म्हणाली. आता ती पहिल्यांदाच रडत होती. "माझ्याच्याने आवरत नाही. गेली ती. आत्ता गेली. त्याला कळलंय."